एक घर मागं

मामा,

एका गजाला काय काय लागतं ते आज बसून मांडलं. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी वाढलेली धामणीची एक सरळ फांदी. ती खांद्यावरून एसटीपर्यंत आणणारा माणूस. मामींच्या चुलीवर, माळ्याच्या दांडीला टांगून ठेवलेली ती फांदी पिईल तितका धूर, एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी. फुटक्या बाटलीची काच, वाटीभर जवसाचं तेल, आणि पट्टीतून ओढताना सोलवटलेला तळहात. एवढ्यावर हिशोब संपतो असं मी आजवर धरून चाललो होतो. पण देवळालीच्या त्या बंदुकीच्या गजाला यावर आणखी एक गोष्ट लागली. तुमची दारापाशी बसायची जागा लागली. ती मी कधी धरली नाही, कारण ती माझ्या पदरची नव्हती.

आता गज म्हटलं की लोकांना खिडकीचे गज आठवतात. नातवाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, बंदुकीला खिडकी असते का. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू, तिच्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा, आणि हे सगळं नळीच्या तळाशी दाबून बसवणारी जी लांब काठी, ती गज. काम झालं की नळीखालच्या खोबणीत ती परत सरकवायची. पोरगं हुशार आहे. लगेच म्हणालं, मग कुठलीही काठी का नाही चालत? मला हसू आलं, कारण पहिल्या आठवड्यात मीही तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेलीत आणि म्हणालात, "जाड झाला तर अडकतो, बारीक झाला तर मोडतो. मोडला की हातात घुसतो. मधला सापडला की झालं." मी म्हटलं, मधला कसा सापडायचा? तेव्हा तुम्ही ती लोखंडी पट्टी पुढे टाकलीत. एका टोकाला करंगळी जाईल एवढं भोक, आणि पुढं एकाहून एक कणभर लहान. प्रत्येक भोकाला तुम्ही घर म्हणायचात. धामणीची काठी एकेका घरातून ओढत न्यायची, ती सोलत सोलत बारीक होते. नळीत नेमकी बसली की थांबायचं. आणि थांबल्यावर, बसलेली असतानासुद्धा, तिला पुढच्या लहान घरातून आणखी एकदा ओढायचं. नळीच्या मानानं काठी एक पाऊल मागं घेते, म्हणून तुमच्या बोलीत त्याला "एक घर मागं" म्हणायचे. बसला की एक घर मागं. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, जुन्या लोकांची खोड असेल.

तुमच्या दुकानात मी आलो तेव्हा मला चांगली मिशी फुटली होती. आमचं पाथर्डीकडचं रान तुम्हाला ठाऊकच. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागायचं. आईनं तुम्हाला निरोप धाडला, "दादा, ह्याच्या हातात कोयता नको, दुसरं कायबी दे." तुम्ही बंदूक दिलीत. त्यावर आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं हसू झालं. नगरात बाजाराच्या मागच्या गल्लीतलं ते अरुंद दुकान, दारावर परवान्याची पाटी, आत शिशाचा, तेलाचा आणि धुरावलेल्या लाकडाचा वास. पीकसंरक्षणाचे परवाने असलेले शेतकरी यायचे. कुणाचा घोडा ढिला, कुणाचा दस्ता चिरलेला. वर्षातून एखादी नवी बंदूक व्हायची, आणि ती झाली की गज सगळ्यात शेवटी. तुम्ही म्हणायचात, पोराचं बारसं झाल्याशिवाय टोपडं शिवायचं न्हाई.

तेव्हा माझ्याजवळ एकच भांडवल होतं, कान. ते मी नीट वापरलं, हे तुमच्यापाशी सांगायला लाजत नाही. आज दुकानात फवारणीचे पंप जास्त आणि बंदुका नावाला, पण पंप चालू केल्याबरोबर त्याचं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते मी गल्ल्यावर बसून सांगतो. सावेडीत घराच्या वळणावर स्कूटर वळली की कुणाची ते मला आतून कळतं. बंगला बांधला तेव्हा सोयऱ्यांनी विचारलं, एवढं कशावर उभं केलंत? मी म्हटलं, या दोन कानांवर. आणि आणखी एक वाक्य आहे, ते मी चारचौघांत इतक्यांदा बोललोय की आता माझा मुलगा मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणतो: आमच्या हातचा एकही गज आजवर परत आला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मामा. त्याच्याकडे शेवटी यायचंय.

तुमचे कान मात्र गेले होते. उभा जन्म कानाशी बार काढण्यात गेल्यावर दुसरं काय होणार. ते मामींना ठाऊक होतं आणि मला. गिऱ्हाइकाला नव्हतं, कारण तुम्ही पाट टाकून बरोबर दारापाशी बसायचात. बाहेरचा उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडायचा आणि तुम्ही ओठ वाचायचात. माणूस काय म्हणतोय ते तुम्हाला माझ्याइतकंच कळायचं, कधी कधी जास्त. कारण मी शब्द ऐकायचो आणि तुम्ही तोंड बघायचात. फक्त एका ठिकाणी तुम्ही माझ्याकडं वळायचात. गज तयार झाला की बंदूक उभी धरायची, गज वरून रिकाम्या नळीत सोडायचा, तो तळाला जाऊन वाजायचा. तो वाजला की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायचात. मी मान हलवायचो. मग तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात, "झाली तुमची बंदूक." त्या मान हलवण्यावर आपण कधी बोललो नाही. मी मनाशी म्हणायचो, मी मामांचे कान आहे. भाकरी खाताना, भांडी विसळताना, आईला पत्र लिहिताना मी हेच म्हणायचो. माणसानं दुसऱ्याचं काही उसनं चालवलं की त्याला थोडा माज येतो. मला आला होता.

ती दुपार चैत्रातली. देवळाली प्रवराचा तो ऊसवाला आला होता, पांढरं धोतर, मोठा हसरा माणूस, आणि बरोबर त्याचा मेव्हणा, जो बसल्या जागी चिमटे काढायचा. रानडुकरांनी उसात धुडगूस घातला होता, परवाना मिळाला होता, बंदूक झाली होती, राहिला होता गज. तुम्ही पट्टी गुडघ्याखाली दाबून काठी ओढताय. मी शेजारी तेलाची चिंधी घेऊन उभा आहे. तुम्ही ओढता ओढता विचारताय.

"पाव्हणं, ऊस हिरीवर का पाटाच्या पान्यावर?"

"पाटाच्या. पाट बांधालाच हाय की, मिस्तरी. बारा म्हैने वल."

"बंदूक ठिवनार कुठं?"

"खोपीत. दुसरं कुठं, देव्हाऱ्यात?"

"धुनार कोन?"

यावर मेव्हणा मांडीवर थाप मारून हसला. "तिला धुवायची बी असती व्हय? आमी बैलं धुतो पोळ्याला. हिला बी त्याच दिशी धुऊ. शिंगं रंगवायची का नुस्ती आंघोळ?"

तुम्हीही हसलात. काठी नळीत बसली. तुम्ही एक घर मागं घेतलीत. मग थोडं थांबून, त्या दोघांच्या तोंडाकडं एकदा बघून, आणखी एक. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, मामांचं लक्ष गप्पांत आहे. उभं राहून तुम्ही नळी सरळ धरलीत आणि गज सोडलात. तो पडताना नळीच्या अंगाला लागत गेला. खडखडला. तळाला वाजला तोही गोल नाही, सैल वाजला. ते दुकानात फक्त मला कळलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

मान हलवायला काय लागलं असतं, मामा. कितीतरी वेळा हलवली होती. पण नेमका त्या दिवशी आवाज वाईट होता आणि मी बरोबर होतो, आणि बरोबर असण्याची मला तेव्हा भूक होती. मी मान आडवी हलवली. तुम्हाला वाटलं मी ऐकलं नाही. तुम्ही गज वर ओढून पुन्हा सोडलात. पुन्हा तेच. मेव्हण्यानं विचारलं, "काय झालं रं?" मी म्हटलं, "गज नाचतोय. लई बारीक झालाय." तो तुमच्याकडं वळून म्हणाला, "मिस्तरी, भाचा म्हनतोय गज नाचतोय. मग वरातीला घेऊन जातो की त्याला." सगळे हसले. शेजारचा चहावाला कप उचलायला आला होता, तोही हसला. आणि हसणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. तुम्ही एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होतात, थोडं हसू ओठांवर ठेवून, कारण सगळे हसताहेत तेव्हा आपणही हसलेलं बरं. मग मला विचारलंत, "काय म्हनला?"

मी वाकून तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोललो. "मामा, गज बारीक झाला. खडखडतोय. तुम्हाला ऐकू येत नाही."

तोवर त्या दुकानात तुमच्याशी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. पहिलं वाक्य मला बोलावंच लागलं असतं असं मी अजून स्वतःला समजावू शकतो. दुसरंही. तिसऱ्याची गरज नव्हती. हसणं थांबलं. देवळालीवाला जमिनीकडं बघायला लागला, भला माणूस होता. तुम्ही गज भिंतीला टेकवून ठेवलात, पट्टी माझ्याकडं सरकवलीत आणि म्हणालात, "कर मग." मी दुसरी काठी घेतली, नळीत नेमकी बसेपर्यंत ओढली आणि तिथंच थांबलो. एकही घर मागं गेलो नाही. तो गज नळीत असा उतरला, जसं वरणात तूप. तळाला एकदाच, गोल, खणकन वाजला. मेव्हणा म्हणाला, "हां, ह्यो खरा." ते गेले. आणि मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शीळ घालत होतो. हे तुम्हाला ऐकू आलं नसणार, पण मामींना आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा पाट दारापाशी नव्हता. तुम्ही तो आत, शेगडीच्या पलीकडं नेला होतात. तिथं उजेड नाही. तिथून येणाऱ्याचं तोंड काळं दिसतं, ओठ दिसत नाहीत. मी विचारलं, इथं का? तुम्ही म्हणालात, "गुडघ्याला ऊब लागती." चैत्रात, मामा. त्यानंतर गिऱ्हाईक दारात आलं की आधी माझ्याकडं बघायचं. तुम्ही आतून घोडे साफ करायचात, दस्त्यांना तेल द्यायचात, काम सगळं करायचात, पण गज कधी निवडला नाहीत. कुणी हाक मारली तरी तुम्हाला कळायचं नाही, आणि कळलं नाही की लोक ओरडायचे. एकदा एक जण ओरडला, मग सगळ्यांना तीच सवय लागली. माझ्यामुळं त्यांना ठाऊक झालं होतं.

मामींच्या स्वयंपाकघरातला एक दिवस मला अजून तसाच दिसतो. दांडीला धामणीच्या काठ्या टांगलेल्या, चुलीचा धूर त्यांच्यातून वर जातोय, मामी तव्यावर भाकरी उलटताहेत. मी नव्या गजांचं काहीतरी फुशारकीनं सांगतोय. तुम्ही भाकरी मोडून कालवणात बुडवलीत आणि तिच्याकडंच बघत म्हणालात, "पाऊस पडू दे." एवढंच. तुम्ही मला दिलेली बोलणी म्हणजे हीच, याहून जास्त तुम्ही कधी रागावला नाहीत. मी ऐकलं नाही असं दाखवलं. कान तिखट असलेल्या माणसाला ते चांगलं जमतं. पाऊस पडला, पोळा झाला, दिवाळी झाली, देवळालीवाला काही फिरकला नाही. मी मनात म्हटलं, बघा. तुम्ही मला समजावून सांगायला हवं होतं, असं मी पुढं बरीच वर्षं म्हणत आलो. सांगितलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे. मी मोठ्यानं दिलं असतं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात पट्टी माझ्याकडं आली. तुमच्या हातून नाही, मामींच्या हातून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मी ती घेतली आणि दुकान पुढं नेलं. आणि हेही सांगून टाकतो, दर वर्षी माझे गज थोडे बारीक होत गेले. एखाद्या पावसाळ्यात कुणी सहज म्हणायचं, "जरा घट्ट जातोय हो." मी पुढचा गज कणभर कमी करायचो. मग एक घर मागं जायला लागलो. ओलिताच्या रानातला माणूस आला की दोन. का, ते मी कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. तुमच्याकडं चालत यायचं आणि वाटेत तुमचं नाव घ्यायचं नाही, असं ते चाललं होतं.

यंदा श्रावणात देवळालीवाल्याचा मुलगा दुकानात आला. आता तोच पन्नाशीला टेकलाय, वडील गेले, परवाना त्याच्या नावावर झालाय. बंदूक तीच. मी हातात घेतल्याबरोबर ओळखली, दस्त्यावरच्या तुमच्या कानशीच्या खुणा ओळखल्या. पण खोबणीत लाकडी गज नव्हता, लोखंडी सळई होती. सळईनं घासून घासून नळीचं तोंड एका बाजूला झिजवलं होतं. तो म्हणाला, "काका, ह्याला धामणीचाच गज द्या. नळी खाल्ली ह्या सळईनं." मला विचारावंसं वाटलं की माझा गज कुठं गेला. विचारलं नाही. मनाशी म्हटलं, लाकूड आहे, इतकी वर्षं चालून झिजला असेल, चांगलं काम करून गेला असेल. धामणीची वाळलेली काठी मात्र दुकानात एकही नव्हती. गॅसवर लाकूड धुरावत नाही.

घरी आलो तर मामी जिन्याखालची जळमटं काढत होत्या. तुमच्यामागं त्या आमच्याकडंच असतात. पाठ वाकलीय, नजर कमी झालीय, पण जळमटं दिसतात. हातात लांब काठी, तिच्या टोकाला केरसुणी बांधलेली. ती काठी भिंतीला लागून जो आवाज झाला, त्यावर माझं लक्ष गेलं. शिंदीचा, बांबूचा आवाज तसा नसतो.

"मामी, ही काठी कुठली?"

"काठी म्हनू नको तिला. तुझ्या मामाचा गज हाय त्यो."

"आणि त्याला केरसुणी?"

"त्यांनीच बांधून दिली. देवळालीचं पाव्हणं येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनले, दुकानात हिचं काम राहिलं न्हाई, घरात तरी हुईल." केरसुणी खाली टेकवून त्या म्हणाल्या, "चांगली हाय. वाकती पन मोडत न्हाई."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. म्हणालो, मामी, त्या वेळी मामांना ऐकू येत नव्हतं, मी त्यांचे कान होतो, मला वाटलं ते बारीक करून बसलेत. मामींनी माझ्याकडं असं बघितलं जसा मी अजूनही भाकरीचा तुकडा जमिनीवर पाडणारा पोरगाच आहे.

"गजाला त्यांना कान कशाला लागत्यात? हातानं कळायचं त्यांना. काठी खाली गेली की मनगटात ठोका यायचा. तुझ्याकडं बघायचे ते तुला कळलं का न्हाई ते बघायला. घरी येऊन सांगायचे मला, आज पोरानं बरोबर ऐकलं."

मामा, मी तुम्हाला मान हलवून उत्तर देत होतो असं मला वाटत होतं. तुम्ही मला प्रश्न विचारत होतात. आणि ज्या दिवशी प्रश्न अवघड आला, त्या दिवशी मी परीक्षकालाच बहिरा म्हणालो.

केरसुणी सोडली, गज पुसला, तेल दिलं आणि चार दिवसांनी तो घेऊन मी स्वतः देवळालीला गेलो. मुलगा म्हणालाच होता, शेतातच बघू, डुकरं उठलीच आहेत. दिवसभर भुरभुर चालू होती. पाट काठोकाठ, बांधावर पाय ठेवला की चपलेत पाणी, उसाच्या पानांतून ओला वास. तुम्ही पट्टी गुडघ्याखाली दाबून जे जे विचारलं होतंत ते सगळं तिथं माझ्यासमोर उभं होतं. पाट बांधाला. खोप गळकी. बंदूक मी दुकानात पुसून दिली तेवढीच, धुतलेली नव्हतीच. दारू आणि काथ्या एवढंच भरायचं होतं, गोळी नाही, नुसता आवाज करायचा होता. दर बाराआधी गज रिकाम्या नळीत सोडून बघायचं ठरवलं. पहिल्यांदा सोडला तेव्हा तो खडखडला, अगदी त्या दुपारसारखा. पोराचा शेतगडी म्हणाला, "सैल हाय का वो?" मी म्हटलं, थांब. पहिला बार काढला. दुसऱ्या वेळी गज खडखडायचा थांबला. दुसरा बार काढला. ओल्या हवेत जळकी दारू नळीला आतून चिकटते, गुळाच्या कढईसारखी, आणि तुमची धामणही दमट होऊन थोडी फुगली होती. तिसऱ्या वेळी मी गज आत घातला आणि तो उतरला, मामा. दोन बोटांनी, वरणातल्या तुपासारखा, आणि तळाला एकदाच, गोल वाजला. मी त्या दिवशी चैत्रात जो आवाज ऐकायला धडपडत होतो तो हा. तुम्ही तो तिसऱ्या बाराला, पावसात, न धुतलेल्या नळीत वाजेल असा करून ठेवला होतात. मी कोरड्या दुकानात, कोऱ्या नळीत मागत होतो.

तिथं उभं राहून मला तुमचा पाट आठवला. शेगडीपलीकडं, अंधारात. तुम्ही दोन घरं मागं गेलात ती त्या माणसाच्या पाटासाठी आणि पोळ्याला धुणाऱ्या त्याच्या मेव्हण्यासाठी. मी तुम्हाला खोलीभर मागं नेलं, ते कशासाठी.

हे सगळं मामींना वाचून दाखवावं असं आज दुपारपर्यंत मनात होतं. दाखवणार नाही. त्या एकच विचारतील, मग त्या पोराला खरं सांगितलंस का. आणि मी सांगितलेलं नाही. पडवीत चहा घेताना तो गजावरून हात फिरवत म्हणाला, "काका, असं काम आता कोन करतंय? हात कुनाचा?" मी म्हटलं, "दुकानाचा." दुकानाचा म्हणजे माझा, असं त्यानं धरलं आणि मी धरू दिलं. एक नाव घ्यायचं होतं, मामा, तिथं ओरडायची सुद्धा गरज नव्हती. हे पान पट्टीच्या फडक्यात ठेवतोय, तिथं ते कुणी उघडत नाही.

त्या पडवीत तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण कौतुकाची सवय वाईट. आणखी थोडं ऐकावं म्हणून मी विचारलं, "आणि तो पहिला गज? तुमच्या वडलांनी नेला होता तो? किती वर्षं चालला?" तो हसला आणि कप ठेवून न्हाणीपाशी असलेल्या चुलवणाकडं बोट केलं. म्हणाला, "त्यो व्हय? पयल्याच पावसाळ्यात नळीत अडकला. आबांनी मोडून तुकड्यातुकड्यानं काढला अन् दुसऱ्या दिशी आंघोळीचं पानी तापवलं त्याच्यावर." एवढं सगळं घेऊन नगरला कोण येतो, म्हणाला, कारखान्याच्या वर्कशॉपातून सळई आणली.

माझा गज परत आला नाही तो यासाठी.